शेजारच्या वर्गातला आवाज : किंग आल्फ्रेड स्कूलमधील स्वशासनाच्या प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण आकाराने लहान आहे. एका शिक्षकाने सुचवले की, मुलांना आपल्या वर्गाचा कारभार स्वतः चालवू द्यावा. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, लवकरच आजूबाजूच्या वर्गांतून गोंगाटाच्या तक्रारी येऊ लागल्या आणि शेवटी त्या शिक्षकाने नोकरी सोडली. शिक्षक होते ए. एस. नील, जे पुढे स्वतः स्थापन केलेल्या समरहिल शाळेमुळे जगभर ओळखले गेले. मुख्याध्यापक होते जॉन रसेल आणि शाळा होती उत्तर लंडनमधील हॅम्पस्टेडची किंग आल्फ्रेड स्कूल. पहिले महायुद्ध संपण्याच्या सुमारास नील तेथे रुजू झाले आणि १९२० साली बाहेर पडले. त्यांच्या आयुष्याची कथा सांगताना हा भाग बहुधा चार ओळींत उरकला जातो, जणू समरहिलकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे ते एक ठेचाळणे होते. मला मात्र ते स्वतंत्रपणे तपासण्यासारखे वाटते, कारण समरहिल ही निवासी शाळा होती आणि किंग आल्फ्रेड अनिवासी. बहुतेक मुले सकाळी घरातून निघून त्याच दिवशी घरी परतणाऱ्या शाळांतच शिकतात, आणि त्या शाळांना या फसलेल्या प्रयोगातून घेण्यासारखे बरेच काही आहे.

आधी शाळेविषयी. हॅम्पस्टेडमधल्या काही पालकांनी आणि त्यांच्या समविचारी मित्रांनी १८९७ साली एक संस्था स्थापन केली आणि १८९८ साली एलरडेल रोडवरील एका घरात शाळा सुरू केली. ती चर्चची नव्हती, सरकारची नव्हती आणि कोणा एका मालकाचीही नव्हती. संस्थेचे सभासद आपले कार्यकारी मंडळ निवडत आणि शाळा पालकांच्या शुल्कावर चाले. पेस्टालोझी आणि फ्रोबेल या युरोपीय शिक्षणतज्ज्ञांचे विचार प्रत्यक्षात आणून पाहावेत, मुलांवर कोणत्याही धर्मपंथाची शिकवण लादू नये आणि मुलगे व मुली यांनी एकाच वर्गात, एकाच अभ्यासक्रमाने शिकावे, हे तिचे पायाभूत हेतू होते. यांतला शेवटचा हेतू त्या सामाजिक वर्गासाठी आणि त्या काळासाठी धाडसाचा होता. इंग्लंडमधील सुस्थित कुटुंबांत मुलगा वयात येऊ लागला की मुलग्यांच्या शाळेत आणि मुलगी मुलींच्या शाळेत जाणार हे गृहीतच असे. बक्षिसे आणि गुणांची चढाओढ यांनाही येथे थारा नव्हता. १९०१ सालापासून शाळेचे नेतृत्व करणारे रसेल हे सौम्य, मुलांवर मनापासून माया करणारे आणि त्यांचे प्रेम मिळवलेले गृहस्थ होते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये एखाद्या शिक्षकाला मोकळ्या वातावरणात शिकवायचे असते, तर याहून चांगली जागा सापडणे कठीण होते.

नील आले ते अगदी निराळ्या जगातून. त्यांचा जन्म १८८३ साली स्कॉटलंडमधील फॉरफर येथे झाला. वडील जवळच्या किंग्जमुइर गावच्या शाळेचे मास्तर होते आणि नील लहानपणी त्यांच्याच हाताखाली शिकले. स्कॉटिश शाळेत टॉज नावाचा चामडी पट्टा असे. त्याचे टोक चिरून त्याच्या शेपट्या केलेल्या असत आणि पुढे केलेल्या तळहातावर तो बसे. पुढे स्वतः शिक्षक झाल्यावर नील यांनीही काही काळ तो पट्टा वापरला, आणि त्याच शिक्षकीच्या वाटेत त्याविषयीचा त्यांचा तिटकारा वाढत गेला. येथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. स्कॉटलंडच्या खेड्यांतील शाळांत मुलगे-मुली पिढ्यान्‌पिढ्या एकत्र बसत आले होते. म्हणजे हॅम्पस्टेडच्या पालकांना जे सहशिक्षण तत्त्व म्हणून स्वीकारावे लागले, ते नील यांच्या दृष्टीने गावची जुनी, साधी रीत होती. त्यांच्या लेखी नवलाई होती ती मार नसण्याची.

दुसरा प्रभाव होमर लेन यांचा. लेन हे अमेरिकन होते. १९१३ साली त्यांनी डॉर्सेटमधील एका शेतावर ‘लिटल कॉमनवेल्थ’ ही वसाहत चालवायला घेतली. कायद्याच्या कचाट्यात सापडलेली किशोरवयीन मुले आणि मुली तेथे राहत असत, आणि नियम करणे, नियम मोडणाऱ्याचा निवाडा करणे हे त्यांच्याच सभेत होत असे. मुलांना कामाची मजुरी मिळे आणि आपल्या राहण्याजेवणाचा खर्च त्यांनी त्यातून भागवायचा असे. एखादा आळशी निघाला तर त्याचा भार वसाहतीत त्याच्याबरोबर एकाच घरात राहणाऱ्या इतरांवर पडे. त्यामुळे सभेतील चर्चा कधीच पोकळ होत नसे, कारण समोरचा मुलगा कामाला गेला नाही तर आपल्या खिशातून पैसे जाणार हे प्रत्येकाला ठाऊक असे. सैन्यात असताना नील यांनी ही वसाहत पाहिली आणि युद्धानंतर तेथेच काम करायचे ठरवले. पण लेन यांच्यावर काही आरोप झाले, सरकारी चौकशी झाली आणि १९१८ साली वसाहत बंद पडली. हॅम्पस्टेडची नोकरी ही नील यांची दुसरी निवड होती. ते शाळेत आले तेव्हा मनाने अजून डॉर्सेटमध्येच होते.

नव्या शाळेतले मोकळे वातावरण त्यांना आवडले, पण एक गोष्ट खटकली. उतारवयात लिहिलेल्या आठवणींत त्यांनी एक प्रसंग नोंदवला आहे. शाळेतल्या नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाने जवळपास त्याच वयाच्या एका मुलीचा मुका घेतला. रसेल यांनी सगळी शाळा एकत्र बोलावली आणि जवळजवळ तासभर त्या विषयावर उपदेश केला. सभेतून बाहेर पडताना नील यांना असे वाटले की, या जगात मुका घेण्याएवढे मोठे पाप दुसरे नसावे.

स्वशासनाच्या प्रयोगाची चर्चा करताना या प्रसंगाचा सहसा उल्लेख होत नाही. माझ्या मते तो या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहे. ते दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहावे. शाळेतील सर्व मुले बसलेली आहेत. त्यांत तो मुलगा आहे आणि ती मुलगीही आहे. आपल्याविषयी बोलले जात आहे हे दोघांना कळते आहे आणि इतरांनाही ते कळते आहे. बोलणारा माणूस प्रेमळ आहे, त्याच्या हातात पट्टा नाही, तो ओरडतही नाही. तो फक्त बोलतो आहे, आणि तासभर त्याच्याशिवाय कोणीही बोलत नाही. त्या मुलीला ते आवडले होते की तिला राग आला होता, तिला तक्रार करायची होती की नव्हती, हा प्रश्न कोणी तिला विचारल्याचे नील यांच्या हकिगतीत नाही. मुलगे आणि मुली यांना एका छताखाली आणण्याचे धैर्य शाळेने दाखवले होते, परंतु एका छताखाली आल्यावर त्यांनी एकमेकांशी कसे वागायचे याविषयी बोलण्याचा अधिकार अजून एकाच मोठ्या माणसाकडे होता. सहशिक्षणाची खरी परीक्षा हजेरीपटावर होत नाही, ती अशा वेळी होते. गणित किंवा भूगोल एकत्र शिकवणे त्यामानाने सोपे असते.

अशा पार्श्वभूमीवर शिक्षकांच्या एका बैठकीत नील यांनी आपले मत मांडले की, शाळा काळाच्या मागे पडते आहे आणि तिने स्वशासन स्वीकारले पाहिजे. त्यांच्या आठवणीप्रमाणे रसेल यांनी हसतमुखाने संमती दिली आणि करून पाहा म्हणून सांगितले. प्रयोग सुरू झाला तो नील यांच्या तासांपुरता. शाळा जशी होती तशीच राहिली. वेळापत्रक तेच, खोल्या त्याच, इतर शिक्षक आपापल्या पद्धतीने शिकवत राहिले, आणि मुले एका तासाला स्वतःचे राज्य अनुभवून पुढच्या तासाला नेहमीच्या शिस्तीत परतू लागली. नील यांनी पुढे सहजपणे मान्य केले आहे की, मुलांनी त्या तासाचा उपयोग साचलेली वाफ बाहेर सोडण्यासाठी केला. आवाज वाढला. पलीकडच्या वर्गातील शिक्षकांना शिकवणे अवघड झाले. नंतरच्या बैठकीत सर्वांचे म्हणणे पडले की, स्वशासन यशस्वी होत नाही हे आता उघड आहे. दोघांपैकी एकाला जावे लागेल असे रसेल म्हणाले, आणि तुम्ही येथे माझ्या आधीपासून आहात तेव्हा मीच जातो, असे नील यांनी उत्तर दिले. ही हकिगत नील यांच्या बाजूने सांगितलेली आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे. तरीही तिच्यात त्यांनी स्वतःला फारसे झुकते माप दिलेले नाही, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

आता कारणांकडे वळू. मुले स्वातंत्र्याला लायक नव्हती, हा निष्कर्ष त्या बैठकीतील शिक्षकांनी काढला असेल तर तो मला पटत नाही. शाळा पुरेशी धीट नव्हती, हा नील यांच्या चाहत्यांचा निष्कर्षही मला अपुरा वाटतो. माझ्या समजुतीने मूळ दोष प्रयोगाच्या रचनेत होता. मुलांना अधिकार मिळाला, पण तो कशावर चालवायचा ते मिळालेच नाही.

त्या एका तासात वर्गाच्या ताब्यात नेमके काय होते, याचा विचार करावा. तास केव्हा सुरू होणार आणि केव्हा संपणार हे घंटा ठरवत होती. काय शिकायचे ते अभ्यासक्रम ठरवत होता. खोली पुढच्या तासाला दुसऱ्यांची होती. संध्याकाळ, जेवण, झोप, पैसे, कपडे, मित्र यांतले जे काही मुलांच्या आयुष्यात खरोखर महत्त्वाचे होते, ते घरी होते आणि तेथे आईवडिलांचे राज्य होते. वर्गाच्या स्वतःच्या मालकीची एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे आवाज. मुलांनी जे त्यांचे होते तेच वापरले. यात मला बेशिस्त दिसत नाही. लिटल कॉमनवेल्थमधील एखाद्या मुलीने सभेत हात वर केला की कोणाच्या तरी मजुरीत फरक पडत असे. हॅम्पस्टेडमधल्या मुलीने हात वर केला असता तर ती कशाविषयी मत देणार होती? डॉर्सेटमधली सभा होती तशी उचलून लंडनला आणली गेली, पण जिच्यामुळे त्या सभेत प्राण होता ती रोजच्या आयुष्याची सामग्री डॉर्सेटमध्येच राहिली.

दुसरे कारण शेजाऱ्यांचे. ज्याने कधी शाळेत शिकवले आहे त्याला हे लगेच कळेल. तुम्ही फळ्यावर एक उदाहरण सोडवत आहात, शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जी महिन्यातून एकदा तोंड उघडते, तिने आज हात वर केला आहे, आणि ती अर्धे वाक्य बोलते न बोलते तोच भिंतीपलीकडून हास्याचा लोंढा येतो. ती गप्प होते. तुम्ही तिला पुन्हा बोल म्हणता, ती मान हलवते. त्या शिक्षकाची तक्रार जुन्या विचारांची म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे, कारण त्या क्षणी एका मुलाच्या बोलण्याच्या हक्कासाठी भांडणारा तोच असतो. नील यांच्या वर्गाच्या स्वातंत्र्याची किंमत शेजारच्या वर्गातील मुले देत होती आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. खरे स्वशासन असते तर ही तक्रार शिक्षकांच्या बैठकीत जाण्याआधी त्या वर्गाच्या सभेत यायला हवी होती. पलीकडच्या वर्गातल्या दोन मुलांनी दार वाजवून सांगितले असते की, तुमच्यामुळे आम्हाला ऐकू येत नाही, तर वर्गाला सोडवण्यासारखा पहिला खरा प्रश्न मिळाला असता, आणि कदाचित पहिला कायदाही. तशी सोयच नव्हती. मुलांनी निर्माण केलेला प्रश्न मोठ्यांकडे गेला आणि मोठ्यांनी मोठ्यांच्या पद्धतीने तो मिटवला.

रसेल यांच्या बाजूचाही विचार केला पाहिजे. समरहिलच्या प्रसिद्धीमुळे ते या कथेत मागे ओढणाऱ्या माणसाच्या भूमिकेत जाऊन बसतात, आणि ते योग्य नाही. इंग्लंडमधील सरकारी शाळांत शारीरिक शिक्षेवर कायद्याने बंदी आली ती १९८७ साली आणि तेथील खाजगी शाळांत १९९९ साली. रसेल त्याच्या कितीतरी दशके आधी अशा शाळेचे मुख्याध्यापक होते जिची सारी भिस्त भीतीऐवजी विश्वासावर होती. पालकांच्या संस्थेने चालवलेल्या शाळेत मुख्याध्यापकाला सहशिक्षणाविषयीच्या प्रत्येक कुजबुजीचे उत्तर द्यावे लागत असणार. लहान मुलांच्या एका मुक्यावर तासभर बोलण्यामागे, बाहेरच्या लोकांनी या शाळेकडे बोट दाखवू नये ही चिंता असेल, असे मला वाटते. ती चिंता समजून घेता येते. तरीही त्यावर निवडलेला उपाय मला मान्य नाही, कारण बाहेरच्यांच्या भीतीचा भार त्यांनी दोन लहान मुलांच्या डोक्यावर ठेवला.

मग अनिवासी शाळेत स्वशासन शक्यच नाही काय? नील यांचे पुढचे आयुष्य पाहता त्यांनी कृतीने तरी तसेच उत्तर दिले. पुढे त्यांनी चालवलेली समरहिल शाळा निवासी होती आणि तिच्या सभेत झोपण्याच्या वेळांपासून दुसऱ्याची सायकल न विचारता नेण्यापर्यंतचे विषय येत. पण तेथेही सगळे सभेच्या हाती नव्हते. शिक्षकांच्या नेमणुका आणि जीविताच्या सुरक्षेचे नियम मोठ्यांकडेच राहत, आणि हे मुलांना आधीपासून माहीत असे. किंग आल्फ्रेडच्या प्रयोगात जी सीमारेषा नव्हती, ती येथे आखलेली होती.

माझे उत्तर वेगळे आहे. अनिवासी शाळेच्या दिवसातही मुलांचे स्वतःचे असे बरेच काही असते, मात्र ते तासांच्या आत कमी आणि तासांच्या मध्ये अधिक असते. मधल्या सुट्टीत मैदानाचा मोठा भाग चेंडू खेळणारे मुलगे व्यापतात आणि मुली भिंतीच्या कडेने उभ्या राहतात, हे जवळपास कोणत्याही सहशिक्षणाच्या शाळेत पाहायला मिळते. तो भाग कोणी, कोणत्या दिवशी वापरायचा हा खरा प्रश्न आहे. तो त्याच दिवशी सोडवता येतो, त्याचे परिणाम दुसऱ्या दिवशी दिसतात आणि त्यासाठी घरच्यांची परवानगी लागत नाही. जिन्यात वाट अडवून चिडवणे, प्रयोगशाळेत मुलाने उपकरण हातात घेणे आणि मुलीने निरीक्षणे लिहून काढणे, नव्या मुलाला कोणी आपल्या बाकावर जागा न देणे, हेही तसेच विषय आहेत. मुक्याचा तो प्रसंगही तसाच होता. कोणाच्या अंगाला कोणी, कोणाच्या इच्छेने हात लावावा, याविषयी दहा वर्षांच्या मुलांना मते असतात, आणि शांतपणे विचारले तर ती मते मोठ्यांच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळदा अधिक कडक निघतात. स्वशासन मागणारा शिक्षक आणि स्वशासनाला हवा तसा अस्सल विषय हे दोन्ही एकाच वेळी त्या शाळेत होते. रसेल यांनी त्या विषयाचे प्रवचन केले, नील यांनी भरवलेली सभा विषयावाचून राहिली, आणि दोघांपैकी कोणालाही ही जोडी जुळवावीशी वाटली नाही याची मला आजही हळहळ वाटते.

पुढील घटना थोडक्यात. रसेल यांचीही मुख्याध्यापकपदाची कारकीर्द १९२० सालीच संपली आणि जोसेफ विकस्टीड यांनी सूत्रे हाती घेतली. त्याच सुमारास शाळा गोल्डर्स ग्रीनजवळच्या झाडाझुडपांच्या प्रशस्त जागेत गेली. ती आजही तेथे आहे, आजही अनिवासी आहे, तेथे गणवेश नाही आणि मुले शिक्षकांना त्यांच्या पहिल्या नावाने हाक मारतात. नील यांनी बिॲट्रिस एन्सर यांच्याबरोबर नव्या शिक्षणाविषयीच्या एका नियतकालिकाचे संपादन केले आणि १९२१ साली जर्मनीत, ड्रेस्डेनजवळ हेलेराऊ येथे एका शाळेच्या उभारणीत भाग घेतला. तेथे त्यांना साथ दिली ती लिलियन नॉयश्टेटर यांनी. त्यांचा मुलगा वॉल्टर हा किंग आल्फ्रेडचा विद्यार्थी होता आणि दोघांचा परिचय त्या शाळेमुळेच झाला होता. इंग्लंडला परतल्यावर लाइम रीजिस येथील ज्या घरात त्यांनी शाळा थाटली त्याचे नाव समरहिल होते, आणि १९२७ साली सफोकमधील लेस्टन येथे जाताना ते नाव त्यांनी बरोबर नेले.

नील १९७३ साली वारले. १९९९ साली सरकारी तपासणीनंतर शिक्षणमंत्र्यांनी समरहिलवर नोटीस बजावली, कारण तेथील मुलांना तासाला बसायचे की नाही हे स्वतः ठरवण्याची मुभा होती. शाळेने तिला आव्हान दिले आणि मार्च २००० मध्ये लंडनमध्ये सुनावणी सुरू झाली. काही दिवसांतच सरकारच्या वकिलांनी तडजोडीचा प्रस्ताव पुढे केला. तो स्वीकारायचा की नाही हे ठरवण्यासाठी मुलांनी न्यायालयाच्या त्याच दालनात आपली सभा भरवली, मसुद्यावर चर्चा केली आणि मतदान करून होकार कळवला.